दुसऱ्याच्या नावावर

पण नाव तरी स्वतःचं लावायचं होतं ना, आबा. हात तुमचे, घाम तुमचा, मशीनच्या आवाजानं गेलेला डावा कान तुमचा, आणि कामगाराच्या कार्डावर नाव शेजारच्या गावच्या त्या माणसाचं, जो कधीचाच सुरत सोडून घरी निघून गेला होता. त्याची जागा चालू राहावी म्हणून तुम्ही तिथल्या सचिन भागातल्या पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, सहा वर्षं त्याचे बदली कारीगर होऊन उभे राहिलात. शेठला माहीत, खात्याच्या मास्तरला माहीत, हजेरीवाल्याला तर पक्कं माहीत. तो त्या माणसाचं नाव पुकारायचा आणि तुम्ही हात वर करायचात. मी कुरकुर केली की म्हणायचात, कापड हात विणतात, नाव कुठे विणतं. बोलण्यात मी तुम्हाला कधी हरवलं नाही. आता तुम्हाला उत्तर देता येत नाही, तर आज मला बोलू द्या.

त्या नावापायी काय झालं ते ऐका. गावाकडच्या ट्रंकेत, तुमच्या लोकरीच्या टोपीखाली, दवाखान्याचा एक कागद होता. दवाखान्यातही दाखवायचं ते कार्ड त्या माणसाचं, म्हणून कागदही त्याच्याच नावाचा, वयही त्याचंच. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि मला आठवीपुरतंच येत होतं. आई दर उन्हाळ्यात ट्रंक रिकामी करून उन्हात ठेवते, तो कागद हातात घेते, कोणाचा तरी असेल म्हणून परत तळाशी घालते. आपल्या धाकटीनं शाळेत असताना तो बघितला होता. परक्याचं नाव दिसल्यावर पुढे कोण वाचतं? तुम्ही गेल्यावर आठ वर्षं तो तसाच पडून होता, आणि त्यावर डॉक्टरनं स्वच्छ लिहून ठेवलं होतं की हा आजार घराण्यात उतरतो, याच्या मुलांना तपासायला घेऊन यावं. तुम्हाला कोणी ते वाचून दाखवलं होतं का, आबा? कंपाउंडर तरी काही बोलला असेल. माहीत असून टोपीखाली ठेवलात की माहीत नसताना, हे आता मला कोण सांगणार आहे?

धाकटी आता पुण्याला युनिव्हर्सिटीत शिकते. तिच्या विषयाचं नाव पाठ व्हायला मला चार दिवस लागले. जिनोमिक मेडिसिन आणि डेटा सायन्स. खात्यात कोणी विचारलं तर मी डॉक्टरकीचं कॉम्प्युटर आहे असं सांगून मोकळा होतो. ही वाटणी तुमचीच होती. माझा आठवीचा निकाल लागला त्या आठवड्यात तुम्ही ओट्यावर बसून सांगितलंत, हिचं डोकं चांगलं आहे, तुझे हात चांगले आहेत. झालं. तिला कंपासपेटी आली आणि मला सुरतचं तिकीट आलं. खोटं बोलत नाही, हात होतेच चांगले. तुटलेली तार शोधून गाठ मारायला जुन्या कारीगरांना जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात मी दोन गाठी मारायचो. मास्तर लोकांना बोलावून दाखवायचा, या पोराची बोटं बघा. मला शाळा सुटल्याचा राग होता आणि बोटांचा गर्वही होता. दोन्ही एकाच पोटात राहत होते.

मी तुमच्याच खात्यात शिकत होतो तेव्हाचा तो दिवस. तुमच्या मशीनवरचा कापडाचा ताका खराब निघालाय, हातभर लांब तार गेलेली आहे आणि मास्तर ओरडतोय. तुम्ही दोन मशीनमधल्या बोळातून येताय, एक हात या मशीनवर टेकत, एक हात त्या मशीनवर टेकत, बोटीतून चालल्यासारखे. पोरं हसायला लागतात. कोणी तरी म्हणतं, काका सुबह सुबह लगा के आये. आणि मी, पंधरा वर्षांचा, तुमचा मुलगा, सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो, घरी पैसे येत नाहीत ते उगाच नाही. तुम्ही माझ्याजवळ आलात. माझी मान धरलीत आणि तुमचं तोंड माझ्या नाकाजवळ आणलंत.

"घे वास," तुम्ही म्हणालात.

तंबाखूचा होता, सकाळच्या चहाचा होता, बाकी कसलाच नव्हता. मला कळलं होतं की कसलाच नव्हता. तरी सगळे बघत होते म्हणून मी बोललो की आजकाल वास न येणारीही मिळते. तुम्ही मान सोडलीत. त्यानंतर तो विषय तुम्ही काढला नाही, मीही काढला नाही. चार महिन्यांनी तुम्ही खात्याच्या लोखंडी जिन्यावरून खाली पडलात आणि गावी नेल्यावर आठ दिवसांत संपलात. तेराव्याला लोक हळू आवाजात मला विचारत होते, पिऊन होते का रे. मी मान खाली घातली. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो?

मागच्या उन्हाळ्यात धाकटीचा फोन आला. वर्गात त्यांना एक आजार शिकवला होता. माणूस दारू न पिता झोकांड्या खातो, हात पेल्याच्या बाजूला जातो, जीभ जड होते, चाळिशीच्या आसपास सुरू होतं आणि वाढतच जातं. ती म्हणे तास संपल्यावर जागेवरून उठलीच नाही. सुट्टीत घरी आली, ट्रंक उघडली, आणि आता तिला तो कागद वाचता येत होता. तिनं तिथूनच मला फोन लावून नाव वाचून दाखवलं आणि विचारलं, हा माणूस कोण, याचा कागद आपल्या घरी कसा? घरात ते सांगू शकणारा मी एकटा उरलो होतो. मी म्हणालो, ते आबाच आहेत.  घरचा पंखा कर्र कर्र वाजत होता तो मला इथे सुरतला, गोडादऱ्याच्या खोलीत ऐकू येत होता.

"भाऊ," ती म्हणाली, "आबा पीत नव्हते."

मी हो म्हणालो. आठ वर्षं उशिरा, फोनवर, भलत्याच माणसाजवळ.

तिनं मला समजावलं ते मला माझ्या पद्धतीनं समजलं. आपल्याकडे नक्षीची साखळी असते ना, कोणती तार उचलायची आणि कोणती खाली ठेवायची ते ती मशीनला सांगते, तसं काहीसं माणसाच्या आत असतं. त्यात एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. सगळ्यांच्यात येतो, पण थोड्या वेळा. आपल्या घराण्यात तो अडकल्यासारखा येतच राहतो, आणि मग कापड एका जागेनंतर बिघडत जातं. बापात असेल तर मुलात यायची शक्यता अर्धी. छापा नाही तर काटा. हे ती अगदी सावकाश म्हणाली. मी विचारलं, तुझं काय? ती म्हणाली, मी अजून बघितलं नाही, आणि माझं मी बघायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, आधी डॉक्टरांबरोबर बसून बोलायचं असतं. मग म्हणाली, नियम नसता तरी बघितलं नसतं.

तिच्या मॅडम अशा घराण्यांचा अभ्यास करतात. आपलं घराणं तिनं त्यात घातलं. इथेच सुरतला डिंडोलीत राहणारे काका, तुमचे धाकटे भाऊ, भाजीची गाडी लावतात, त्यांनाही दोन वर्षांपासून सुटे पैसे मोजून देता येत नव्हते. त्यांचं आधी तपासलं. निघालं. मला वाटलं होतं ते कोसळतील. तर त्यांनी तो रिपोर्ट प्लास्टिकमध्ये पक्का करून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. चालताना कोणी हसलं की काढून दाखवतात, बघ, बेवडा नाही, बीमारी आहे. परवा पोलिसालाही दाखवला म्हणे. मला सांगताना खूश होते. म्हणाले, तुझ्या बापाकडे असा कागद पाहिजे होता. आबा, होता की तुमच्याकडे. नाव तेवढं तुमचं नव्हतं.

मग माझी नळी आली. कुरियरनं, डब्यात, बोटाएवढी, वर छोटं नरसाळं. त्यात रेषेपर्यंत थुंकायचं, फेस धरायचा नाही, त्याआधी अर्धा तास काही खायचं प्यायचं नाही, झाकण लावलं की वरचं औषध आपोआप आत पडतं. सोबत फॉर्म, माझं नाव, माझी सही. धाकटीनं फोनवर दोनदा सांगितलं की नको असेल तर नको म्हण, तो तुझा हक्क आहे, फॉर्मवर तसं लिहिलेलं आहे. मी म्हणालो, वेडी आहेस का, थुंकायला काय लागतं? आणि नळी आठ दिवस खुंटीवरच्या पिशवीत ठेवली.

आबा, मशीन चालू असतं तेव्हा सगळंच थरथरतं. जमीन थरथरते, चहा थरथरतो, दात थरथरतात. त्यात आपला हात किती आणि मशीन किती ते कळत नाही. कळतं ते लाईट गेल्यावर. खातं एकदम गप्प होतं आणि मी आधी स्वतःच्या बोटांकडे बघतो. वर्षभर हेच चाललंय. बाकीचे बिडी पेटवायला बाहेर जातात आणि मी बोळात रंगवलेल्या पिवळ्या पट्टीवर एकापुढे एक पाऊल टाकत चालून बघतो. एकदा मास्तरनं बघितलं, विचारलं, क्या रे, सर्कस में जाने का है? मी हसलो. त्या आठवड्यात एक गाठ तीन वेळा सुटली होती. तार खराब होती. तार खराब असतेही कधी कधी.

शेवटी मी काय केलं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण त्याला नावं ठेवता येणार नाहीत असे तुम्ही एकटेच आहात. माझ्या खोलीतला जोडीदार ओडिशाचा आहे, गंजामकडचा, साधा माणूस, माझ्याच वयाचा. मी त्याला म्हणालो की कॉलेजच्या अभ्यासाला थुंकी पाहिजे, माझ्या तोंडात मावा असतो, तू दे. तो हसून हसून बेजार झाला. म्हणाला, पढ़ाई में थूक लगता है क्या भाई, तभी मैं पास नहीं हुआ. बादलीवर बसून रेषेपर्यंत थुंकला, वर विचारलं, और चाहिए? मी झाकण लावलं, सही केली, पाठवून दिलं. तुम्ही सहा वर्षं दुसऱ्याच्या नावावर हात वर केलात, मी दुसऱ्याची थुंकी माझ्या नावावर पाठवली. मनात हिशेब असा होता की त्याच्यात काही निघणार नाही. माझ्या नावावर चांगला कागद येईल, धाकटी निवांत झोपेल, आई माझ्यासाठी मुलगी बघायला लागेल, आणि मला काही कळावं लागणार नाही. एवढंच.

मला काय माहीत होतं की ते आधी आजार बघतच नाहीत. आधी मशीन बघतं, कोण कोणाचं आहे. कोणाची नळी कोणाच्या जागी तर गेली नाही ना, म्हणून सगळे एकमेकांशी जुळवून बघतात, आणि ते काम वर्गात धाकटीकडेच होतं. लाखो ओळी असतात म्हणे, तिनं लिहिलेला प्रोग्राम त्या रात्रंदिवस लावून बघतो. आईनं आणि तिनंही नळ्या दिल्या होत्या, त्या जुळल्या. काका आणि ती जुळले. मी कोणाशीच जुळलो नाही.

दुपारच्या सुट्टीत तिचा फोन आला. आवाज असा की जिन्यावर धावत आल्यासारखा. पहिलाच प्रश्न, भाऊ, नळीत तूच थुंकला होतास ना? ती हुशार आहे, आबा, तुमचं म्हणणं खरंच होतं. तिनं आधी हेच धरलं होतं. तिनं मला दारही उघडून दिलं. म्हणाली, कोणी दुसरा असेल तर सांग, मी रागावणार नाही, चूक झाली म्हणून लिहीन आणि नळी बाजूला ठेवीन. बाजूला खात्याचे चारपाच जण जेवत होते. जोडीदार माझ्याच डब्यातलं लोणचं घेत होता.

"मीच होतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"तुझ्याशी कधी खोटं बोललोय का?"

हे खरं होतं. तिच्याशी तोवर कधी खोटं बोललो नव्हतो. म्हणून तिनं ते खरं मानलं. भाऊ खोटं बोलत नाही म्हटल्यावर दुसरं काय उरतं? दिवाळीत घरी गेली आणि तिनं आईला विचारलं. शिकलेल्या माणसासारखं, आडून, मऊ आवाजात, भाऊला कुठून आणलं होतं का, दवाखान्यात बदली झाली असेल का. आईनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि मागच्या दारानं बाहेर निघून गेली. मग मला फोन केला. आई चिडली की तिची मराठी सुटते आणि अहिराणी उरते. "ती माले इचारस, भाऊ कोना शे," आई म्हणाली. "तू मना आंडोर शे. सांग तिले."

मी तिचाच मुलगा, आणि नळीतली थुंकी माझी नव्हती, हे मी सांगायला पाहिजे होतं. तिथेच, त्या क्षणी, एवढंसं वाक्य होतं. त्याऐवजी मी आईला म्हणालो, तू मनावर घेऊ नको, मशीन चुकलं, ती अजून शिकतेय. आईला ते लगेच पटलं. एवढं पटलं की मला भीती वाटली. म्हणाली, जे शिकून पोरगी आईवर संशय घेते ते शिकणं नको, पोरीला घरी आणा, काकाला सांगून स्थळ बघा. तेव्हापासून आई तिचा फोन घेत नाही. पोषण आहाराच्या कामातून दर महिन्याला तिला होस्टेलसाठी काही पैसे पाठवायची, तेही बंद केलं. धाकटी समजते की आई काही लपवतेय म्हणून बोलत नाही. आई समजते की पोरीनं तिला भर सणात नको ते ठरवलं. दोघी मला फोन करतात. मी दोघींचं ऐकून घेतो आणि दोघींना, जाऊ दे, म्हणतो. मधे मी बसलोय आणि हे फक्त मला माहीत आहे. जोडीदारालाही अर्धंच माहीत आहे. तो मधून मधून विचारतो, भाई, मेरे थूक में कुछ निकला तो नहीं ना? त्याच्या बापाला साखर आहे, त्याला त्याची काळजी. मी सांगतो, तू एकदम फर्स्ट क्लास आहेस. तो खूश होतो.

मागच्या महिन्यात धाकटीनं दुसरी नळी पाठवली. फोन नाही, मेसेज नाही, नुसता डबा. तिला कळलंय की काय, की नुसती आशा आहे, ते मला समजत नाही. होस्टेलवाल्यांनी तिला या महिनाअखेरची मुदत दिली आहे, हे तिनं नाही, तिच्या मैत्रिणीनं मला कळवलं. पैसे भरले नाहीत तर खोली सोडावी लागेल, आणि खोली सोडली की ती घरी येईल, आणि घरी आली की आई तिला परत जाऊ देणार नाही. एक खरं बोललो तर हे सगळं थांबतं. पण एक खरं बोललो की त्याच्यामागे दुसरं येतं. मग ती विचारणार, भाऊ, मग तुझी थुंकी कुठे आहे? ती नळी भरली की मी छापा तरी होतो, नाहीतर काटा. आज मी काहीच नाही. काहीच नसणं तुम्हाला सोपं वाटतं का, आबा? मला वाटत होतं.

आज विजेची लाईन बंद आहे, दिवसभर खातं बंद. जोडीदार त्याच्या गाववाल्यांकडे गेला. सकाळी चहा न पिता मी नळी घेऊन बसलो. अर्धा तास थांबलो, मग नरसाळं तोंडाला लावलं. काही येईना. जीभ टाळूला चिकटलेली, गाल आत ओढून बघितले, लिंबाचा विचार करून बघितला. बारा वाजेपर्यंत तळाला दोन थेंब होते आणि नळी धरलेला हात हलत होता. मशीन बंद होतं. उपाशी माणसाचा हात हलतो, हे मलाही माहीत आहे. मी झाकण न लावता नळी ठेवून दिली आणि हे लिहायला घेतलं. खरं तर हे पत्र तिला जायला पाहिजे. तुम्हाला लिहितोय कारण तुम्ही ते वाचून मला फोन करणार नाही.

वास घेतला होता मी त्या दिवशी, आबा. नीट घेतला होता.

आता संध्याकाळी शेठचं बाजारातलं दुकान उघडल्यावर पगारातली उचल मागितली, शेठनं जास्त न विचारता दिली. फोनवर तिला पाठवताना खाली दोन शब्द लिहायला जागा असते. तिथे मी 'तो मी नव्हतो' असं लिहिलं, थोडा वेळ बघितलं, मग पुसून 'होस्टेल' लिहिलं. अठरा हजार पाचशे.